'नॉट स्पॅम' दाबूनही मेल पुन्हा स्पॅममध्येच? आधी अडवणारा शोधा

तक्रार ओळखीची आहे. एकाच पत्त्यावरून येणारा कामाचा मेल स्पॅममध्ये सापडतो. तुम्ही 'नॉट स्पॅम' दाबता, मेल इनबॉक्समध्ये येतो, विषय मिटला असं वाटतं. पुढच्या खेपेला येरे माझ्या मागल्या. कुणी सांगतं, पत्ता कॉन्टॅक्ट्समध्ये टाका. टाकता. दोन मेल नीट येतात, तिसरा गायब. शेवटी वैतागून फिल्टरच बंद केला जातो आणि मग लॉटरी लागल्याचे नि खातं बंद होणार असल्याचे मेल उपसत बसावं लागतं.

कारण बहुतेक वेळा साधं असतं. मेलच्या वाटेवर तीन-चार फिल्टर असतात आणि तुम्ही दाबलेलं बटण त्यांतल्या एकालाच कळतं. अडवणारा दुसराच कुणी असला तर ते बटण शंभरदा दाबलं तरी त्याच्या ते गावीही नसतं. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत: मेल कुणी अडवला आणि कशावरून अडवला. ही उत्तरं बहुधा मेलच्या आतच लिहिलेली असतात, फक्त ती वाचायची सवय नसते.

आधी हातचं जाऊ देऊ नका

शोध घ्यायला वेळ लागेल, तोवर अडकलेले मेल नष्ट होता कामा नयेत. जीमेलच्या स्पॅम फोल्डरमधला मेल ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो. मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरणाऱ्या संस्थांमध्ये संशयित मेल जंक फोल्डरऐवजी क्वारंटाइनमध्येही (संशयित मेल वेगळे अडकवून ठेवायच्या जागेत) जाऊ शकतो. तिथली मुदत ॲडमिनने, म्हणजे संस्थेची मेलव्यवस्था पाहणाऱ्याने, ठरवलेली असते आणि ती जास्तीत जास्त ३० दिवसांची. तेव्हा सगळ्यात जुन्या तारखेपासून सुरुवात करून हे फोल्डर एकदा नजरेखालून घाला.

'मेल आलाच नाही' असं म्हणण्याआधी एक खुबी. जीमेलचा शोध स्पॅम आणि ट्रॅश हे दोन्ही फोल्डर आपणहून वगळतो. शोधाच्या चौकटीत रोमन अक्षरांत 'इन:एनीव्हेअर' लिहून पुढे पाठवणाऱ्याचं नाव टाकलं की सगळीकडे शोधलं जातं. 'हरवलेले' म्हणून घोषित झालेले कितीतरी मेल असेच सापडतात.

क्लासिक आउटलुकच्या (संगणकावर बसवलेल्या जुन्या आवृत्तीच्या) 'जंक ईमेल ऑप्शन्स' या खिडकीत खाली एक चौकोन असतो: संशयित जंक मेल फोल्डरमध्ये न टाकता थेट कायमचा डिलीट करा. तिथे खूण असेल तर आत्ताच्या आत्ता काढा. हा पर्याय कुणाच्याही कामाचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. फिल्टर कधी ना कधी चुकणारच, आणि चुकल्यावर पुरावाच उरला नाही तर दुरुस्ती कशाच्या आधारावर करायची?

मेल पीओपी पद्धतीने, म्हणजे सर्व्हरवरून संगणकावर ओढून घेऊन, उतरवत असाल तर गोष्ट आणखी सरळ आहे. पीओपीला इनबॉक्सखेरीज दुसरा फोल्डर दिसतच नाही. सर्व्हरवर स्पॅममध्ये पडलेला मेल तुमच्या संगणकावर कधीच उतरणार नाही आणि तो अडला होता याचा पत्ताही लागणार नाही. अधूनमधून ब्राउझरमध्ये वेबमेल उघडून पाहायचं, नाहीतर आयमॅपवर, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून सगळ्या यंत्रांवर तेच दाखवणाऱ्या पद्धतीवर, जायचं. आयमॅपवर जाणंच बरं.

मेल अडला कुठे?

वाट शेवटाकडून सुरुवातीकडे तपासत गेलं की उलगडा लवकर होतो.

सगळ्यात जवळचा संशयित म्हणजे तुमचा स्वतःचाच जुना नियम. कधीकाळी ब्लॉक केलेला पत्ता, विषयात 'ऑफर' शब्द असलेले सगळे मेल बाजूला टाकणारा फिल्टर, असं काहीतरी. जीमेलमध्ये सेटिंग्जमधल्या 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस' या पानावर दोन्ही याद्या एकाखाली एक दिसतात. आउटलुकमध्ये रूल्स वेगळे आणि ब्लॉक्ड सेंडर्स वेगळे, दोन्हीकडे पाहावं लागतं. यादीत एखादं अख्खं डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) तर पडलेलं नाही ना, हे खास बघा. जाहिराती नकोत म्हणून एखाद्या कंपनीचं डोमेन ब्लॉक केलं की त्याच डोमेनवरून येणारी बिलं आणि पासवर्ड बदलायचे मेलही गेले.

पुढचा संशयित संगणकावरचा मेल प्रोग्राम. थंडरबर्ड, आउटलुक, ॲपल मेल यांचे स्वतःचे जंक फिल्टर असतात, शिवाय काही अँटिव्हायरसही मेलमध्ये नाक खुपसतात. परीक्षा सोपी आहे. सगळ्या यंत्रांवरचे मेल प्रोग्राम बंद करा, ब्राउझरमध्ये वेबमेल उघडा आणि पाठवणाऱ्याला एक मेल टाकायला सांगा. मेल इनबॉक्समध्ये येऊन तिथेच राहिला तर सर्व्हर निर्दोष. आता एकेक प्रोग्राम सुरू करा. जो सुरू होताच मेल जंकमध्ये उडी मारतो, तो आपला गुन्हेगार. आयमॅपमध्ये एका यंत्राने मेल हलवला की तो सगळीकडे हललेला दिसतो. त्यामुळे कोपऱ्यात चालू राहिलेला एखादा जुना लॅपटॉप नव्या फोनवरचे मेल पळवत असतो आणि शिव्या मात्र सर्व्हरला बसतात. ही शक्यता कुणाला सहसा सुचत नाही, म्हणून मुद्दाम सांगितली.

वेबमेलमध्ये मेल सरळ स्पॅम फोल्डरमध्येच उतरत असेल तर मेलसेवेचा फिल्टर बोलतोय. तो स्पॅममध्येही नसेल आणि पाठवणाऱ्याकडे 'पोचला नाही' असा निरोपही गेला नसेल, तर ऑफिसच्या मेलसर्व्हरच्या पुढे बसवलेलं गेटवे (येणारा मेल आधी तपासणारी यंत्रणा) किंवा क्वारंटाइन तपासायला हवं. हे काम ॲडमिनचं. त्याला मेलची तारीख, अंदाजे वेळ, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि विषय एवढं द्या. 'माझे मेल येत नाहीत' एवढ्यावर तो बिचारा लॉगमध्ये काय शोधणार?

आणि पाठवणाऱ्याला मेल परत आला असेल तर त्या परतीच्या मेलमधला आकडा मागून घ्या. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे 'आत्ता नको, नंतर या'. पाठवणाऱ्याचा सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या वेळी मुद्दाम असं परतवतात, त्याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. ओटीपी दहा मिनिटं उशिरा, म्हणजे निरुपयोगी झाल्यावर येतो, तेव्हा हे तपासून बघावं. ५ ने सुरू होणारा कोड म्हणजे कायमचा नकार, आणि तिथे तुमच्या बाजूचं 'नॉट स्पॅम' काहीच करू शकत नाही, कारण मेल तुमच्या खात्यापर्यंत आलेलाच नसतो.

हेडर वाचा

अडवणारा कळला की कारणाकडे वळायचं. जीमेलमध्ये संगणकावर स्पॅममधला मेल उघडला की वर एक पट्टी दिसते आणि तिच्यात हा मेल स्पॅममध्ये का आहे याचं एका ओळीत उत्तर असतं. उत्तर ढोबळ असतं, पण दिशा मिळते. त्याहून खोल जायचं तर तीन ठिपक्यांच्या मेनूतून 'शो ओरिजिनल' निवडा. क्लासिक आउटलुकमध्ये मेल वेगळ्या खिडकीत उघडून फाइल, मग प्रॉपर्टीज, आणि तिथे 'इंटरनेट हेडर्स'ची चौकट. थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि यू.

समोर हेडर, म्हणजे मेलच्या प्रवासाची नोंद, येईल: अक्षरांचा डोंगरच. घाबरायचं कारण नाही, कामाच्या ओळी मोजक्याच असतात. पहिली 'ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स' या नावाची. पडद्यावर ती रोमन अक्षरांत असेल, इथे देवनागरीत लिहितो:

डीकेआयएम=पास; एसपीएफ=फेल; डीमार्क=पास

एसपीएफ म्हणजे 'या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी या सर्व्हरला आहे का' ही तपासणी. डीकेआयएम ही मेलवरची डिजिटल सही; वाटेत मजकूर बदलला की सही मोडते. डीमार्क या दोन्हींचा निकाल घेऊन पाहतो की तुम्हाला 'फ्रॉम'मध्ये दिसणारं डोमेन आणि तपासणीत पास झालेलं डोमेन एकमेकांशी जुळतात का. दोघांपैकी एक जरी जुळून पास झालं तरी डीमार्क पास होतो. म्हणून वरच्या ओळीत एसपीएफ फेल असूनही एकूण चित्र वाईट नाही. बहुधा तो मेल कुठून तरी फॉरवर्ड होऊन आलाय.

एक सावधगिरी. या नावाच्या ओळी एकापेक्षा जास्त असू शकतात. तुमच्या स्वतःच्या सर्व्हरचं नाव असलेली, सगळ्यात वरची ओळ खरी धरायची. खालच्या ओळी पाठवणारा स्वतःही लिहून धाडू शकतो.

मायक्रोसॉफ्टकडचा मेल असेल तर 'एक्स-फोरफ्रंट-अँटिस्पॅम-रिपोर्ट' ही ओळ शोधा. तिच्यात एससीएल नावाचा आकडा असतो: उणे १ म्हणजे फिल्टरने तपासलंच नाही, ० किंवा १ म्हणजे स्पॅम नाही, ५ किंवा ६ म्हणजे स्पॅम, ८ आणि ९ म्हणजे नक्कीच स्पॅम. त्याच ओळीत एसएफव्ही हे अक्षर-त्रिकूट असतं आणि निदान करायला ते आकड्याहून उपयोगी पडतं. 'एसपीएम' असेल तर फिल्टरने स्वतः तपासून ठरवलं. 'बीएलके' असेल तर पत्ता तुमच्याच ब्लॉक यादीत आहे. 'एसकेएस' असेल तर फिल्टरपर्यंत पोचण्याआधीच, म्हणजे बहुधा संस्थेच्या एखाद्या मेल-नियमाने, तो स्पॅम ठरवला. या शेवटच्या दोन्ही प्रकारांत फिल्टरला दोष देणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

स्पॅमअसॅसिन हा स्पॅम-फिल्टर वापरणाऱ्या सर्व्हरवर 'एक्स-स्पॅम-स्टेटस' ही ओळ असते. तिच्यात एकूण गुण, मर्यादा आणि कोणकोणत्या चाचण्या लागू झाल्या त्यांची नावं. मर्यादा ५ असते, कुणी बदलली नसेल तर. समजा गुण ५.४ आलेत आणि चाचण्यांच्या यादीत 'बेझ_९९' आहे (बेझ म्हणजे आधी शिकवलेल्या मेलवरून अंदाज बांधणारी चाचणी). त्या एकट्या चाचणीचे मुळात ३.५ गुण असतात. म्हणजे मेलमध्ये विशेष काही वावगं नाही, तुमच्या फिल्टरचं शिक्षणच बिघडलंय. उलट यादीत काळ्या यादीच्या (स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरच्या यादीच्या) चाचण्या दिसल्या तर पाठवणाऱ्याच्या सर्व्हरची पत गेलेली आहे, आणि तुम्ही कितीही शिकवलंत तरी त्याचा उपयोग थोडाच होणार.

जिथे अडलं तिथेच सोडवा

जीमेलमध्ये संगणकाच्या ब्राउझरमधून मेल उघडा आणि तीन ठिपक्यांच्या मेनूत 'फिल्टर मेसेजेस लाइक दीज' निवडा. फ्रॉममध्ये पत्ता आपोआप भरलेला येतो. 'क्रिएट फिल्टर' दाबून 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' वर खूण करा. फोनवरच्या जीमेल ॲपमध्ये फिल्टर बनवता येत नाही, तिथे शोधत बसू नका. फिल्टर लागू झाला की त्या पाठवणाऱ्याचा संशयास्पद मेल इनबॉक्समध्ये येतो आणि वर पट्टी दिसते की तुमच्या फिल्टरमुळे हा स्पॅममध्ये गेला नाही. ही पट्टी वारंवार दिसू लागली तर समजायचं की पाठवणाऱ्याच्या बाजूचा दोष तसाच आहे, तुम्ही फक्त दार उघडं धरलंय.

'नॉट स्पॅम'चं बटण निरुपयोगी आहे असं मात्र नाही. त्याने फिल्टर शिकतो, पण हळूहळू, आणि तुमच्या एका मताबरोबर तो इतर लाखोंची मतंही ऐकत असतो. नको असलेली पण स्वतःच नोंदवलेली वार्तापत्रं 'अनसबस्क्राइब' करण्याऐवजी लोक 'स्पॅम' म्हणून फेकतात, त्याचा फटका त्याच सेवेतून निघणाऱ्या कामाच्या मेलना बसतो.

क्लासिक आउटलुकमध्ये जंक फिल्टरच्या चार पातळ्या आहेत: बंद, लो, हाय आणि 'सेफ लिस्ट्स ओन्ली'. शेवटची पातळी निवडलेली असेल तर यादीत नसलेला प्रत्येक माणूस जंकमध्ये. अशी खाती दिसतात आणि मालकाला आपण हे कधी निवडलं हे आठवतही नसतं. बहुतेकांना 'लो' पुरेसं आहे. सेफ सेंडर्समध्ये पत्ता टाका आणि कॉन्टॅक्ट्सवर विश्वास ठेवायच्या पर्यायावर खूण करा. वेबवरच्या आउटलुकमध्ये हेच सगळं सेटिंग्ज, मेल, जंक ईमेल या वाटेने सापडतं, आणि तिथेही 'फक्त सुरक्षित यादीतल्यांचेच मेल घ्या' असा पर्याय आहे, तो चुकून सुरू नाही ना ते बघा. संस्थेच्या खात्यात एक मर्यादा लक्षात ठेवा: व्हायरस असलेला किंवा नक्की फसवणुकीचा ठरवलेला मेल तुमच्या सेफ यादीलाही जुमानत नाही. तो ॲडमिनलाच क्वारंटाइनमधून सोडवावा लागतो.

थंडरबर्डचा फिल्टर तुमच्या खुणांवरून शिकतो आणि त्याला दोन्ही बाजू शिकवाव्या लागतात. नुसतं 'जंक, जंक' करत गेलात आणि चांगले मेल कधी 'नॉट जंक' केलेच नाहीत, तर त्याला सगळं जगच जंक वाटायला लागतं. खात्याच्या सेटिंगमध्ये, ॲड्रेस बुकमधल्या पत्त्यांना जंक ठरवू नये असा पर्याय आहे, तो सुरू करा. शिक्षण फारच बिघडलं असेल तर 'रीसेट ट्रेनिंग डेटा' करून कोऱ्या पाटीवर सुरुवात केलेली परवडते.

सुरक्षित यादी अरुंद ठेवा

घाईत सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे अख्खं डोमेन सुरक्षित यादीत टाकणं. एखाद्या संस्थेचं स्वतःचं डोमेन असेल, तिथून वेगवेगळी माणसं लिहीत असतील आणि डीमार्क पास होत असेल, तर ठीक आहे. पण जीमेल, याहू, आउटलुक अशी सार्वजनिक डोमेन यादीत टाकली की त्यांच्यावरून येणाऱ्या कुणाही सोम्यागोम्याला रान मोकळं.

त्याहून वाईट म्हणजे स्वतःचंच डोमेन सुरक्षित यादीत टाकणं. 'आपल्याच ऑफिसचे मेल स्पॅममध्ये कसे?' या रागातून हे होतं. साहेबांच्या नावाने 'तातडीने पैसे पाठवा' असं सांगणाऱ्या मेलमध्ये 'फ्रॉम' तुमच्याच डोमेनचा लिहिलेला असतो, कारण तिथे काहीही लिहिता येतं. सर्व्हरवर अशी सूट असेल तर तो तपासणीशिवाय आत येतो. आपलेच मेल अडत असतील तर आपल्याच एसपीएफ आणि डीकेआयएममध्ये भोक आहे, तिकडे बघायचं.

स्पॅमअसॅसिनमध्ये हा फरक थेट नियमांतच आहे. 'वेलकमलिस्ट_फ्रॉम' नुसता पत्ता पाहतो आणि पत्ता खोटा लिहिता येतो. 'वेलकमलिस्ट_ऑथ' तोच पत्ता मानतो, पण एसपीएफ किंवा डीकेआयएम पास झालं तरच. जुन्या आवृत्त्यांत ही नावं 'व्हाइटलिस्ट'ने सुरू होत असत. जिथे दुसरा चालतो तिथे पहिला वापरायचं काहीच कारण नाही.

फॉरवर्डिंग: नेहमीचा भुताटकीचा खेळ

काही मेल येतात, काही नाहीत, आणि त्यात कसलीच संगती लागत नाही, अशा वेळी विचारा: हा पत्ता दुसरीकडे फॉरवर्ड होतोय का? जुन्या खात्यावरचे मेल नव्या खात्यात आपोआप पाठवले जात असतील, तर नव्या सर्व्हरला ते तुमच्या जुन्या सर्व्हरकडून आलेले दिसतात. मूळ डोमेनच्या परवानगी-यादीत तो सर्व्हर नसतो, एसपीएफ फेल होतो. डीकेआयएमची सही शाबूत असेल तर मेल वाचतो. सही नसेल किंवा मोडली असेल तर डीमार्क फेल, आणि मूळ डोमेनने कडक धोरण ठेवलं असेल तर मेल अडणार. म्हणून चोख धोरणवाल्या बँकेचा मेल अडतो आणि गलथान दुकानदाराचा आरामात येतो, असा उलटा प्रकार कधीकधी दिसतो.

सही मोडायला फार काही लागत नाही. अनेक संस्थांची गेटवे बाहेरून आलेल्या मेलच्या विषयात 'बाहेरचा मेल' असा शिक्का घालतात किंवा मजकुरात वर पिवळी सूचना चिकटवतात. सहीनंतर मजकूर बदलला, म्हणजे पुढच्या सर्व्हरच्या दृष्टीने ती सही खोटी. असा मेल पुढे फॉरवर्ड झाला की दोन्ही चाचण्या फेल. उपाय दोन: शक्य असेल तिथे फॉरवर्डिंग बंद करून दोन्ही खाती एकाच प्रोग्राममध्ये आयमॅपने उघडायची, किंवा फॉरवर्ड करणाऱ्या सर्व्हरवर एसआरएस आणि एआरसी (फॉरवर्ड झालेला मेल तपासणीत टिकावा म्हणून केलेल्या सोयी) सुरू करून घ्यायचं. पहिला उपाय कुणीही करू शकतं, दुसऱ्याला ॲडमिन हवा.

याच कुळातली आणखी एक नेहमीची तक्रार: 'आमच्या वेबसाइटवरच्या फॉर्मचे मेल आम्हालाच स्पॅममध्ये येतात.' फॉर्म भरणाऱ्याने आपला जीमेलचा पत्ता दिला आणि फॉर्मने तोच 'फ्रॉम'मध्ये टाकून मेल पाठवला, तर तुमचा वेबसर्व्हर जीमेल असल्याचं सोंग करतोय. फिल्टरने तो अडवला यात त्याचं काही चुकलं नाही. फॉर्मच्या सेटिंगमध्ये 'फ्रॉम'ला स्वतःच्या डोमेनचा पत्ता द्या आणि भरणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये घाला. उत्तर द्यायला गेलात की ते बरोबर त्याच्याकडेच जाईल. मेल वेबसर्व्हरवरून थेट न पाठवता तुमच्या खऱ्या मेलसेवेतून लॉगिन करून पाठवला तर आणखी चांगलं.

दोष समोरच्याकडे असेल तर

हेडरमध्ये डीमार्क फेल आहे आणि मधे फॉरवर्डिंगही नाही, अशा वेळी तुमच्या बाजूने केलेला प्रत्येक उपाय तात्पुरता. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेल खात्यांना दिवसाला ५,००० किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे झाले, स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवणं आलं. थोडेच मेल पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी लागतंच. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक, हॉटमेल या वैयक्तिक खात्यांसाठी मोठ्या पाठवणाऱ्यांवर तशीच अट घातली. वर्षानुवर्षं बिनबोभाट येणारा मेल अचानक अडू लागला तर तुमच्या सेटिंगइतकीच ही शक्यताही बघावी.

पाठवणाऱ्याला 'तुमचे मेल स्पॅममध्ये जातात' एवढंच कळवलं तर उत्तर येतं, 'आमच्याकडून तर गेलाय.' त्यापेक्षा असं लिहा:

'नमस्कार, आपल्या बिलांचे मेल आमच्याकडे स्पॅममध्ये पडत आहेत. हेडरमध्ये एसपीएफ आणि डीमार्क दोन्ही फेल दिसतात, डीकेआयएमची सही नाही. मूळ हेडर सोबत जोडला आहे. आपल्या डोमेनचं काम पाहणाऱ्यांकडे हा मेल कृपया पाठवावा.'

त्या माणसाने आपल्या डोमेनच्या नोंदी उघडल्या की नेहमीचे दोष दोन-तीनच निघतात. बिलं पाठवायला नवी सेवा घेतली पण एसपीएफमध्ये तिचं नाव घातलंच नाही. किंवा नाव घालायच्या नादात एसपीएफची दुसरी स्वतंत्र नोंद तयार केली. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद चालते, दोन झाल्या की तपासणी चूक दाखवून थांबते. किंवा इतक्या सेवा जोडल्या की नोंद तपासताना कराव्या लागणाऱ्या डीएनएस चौकशा, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या विचारणा, १० च्या मर्यादेपलीकडे गेल्या.

मजकुराचाही वाटा असतो. ओळख नसताना नुसती एक लिंक टाकलेला मेल, छोटी केलेली लिंक, पासवर्ड लावलेली झिप, मॅक्रो असलेली फाइल, मजकुराऐवजी एकच मोठं चित्र. यांतलं काही टाळता आलं तर टाळा. पण नोंदी धड नसताना नुसते शब्द बदलत बसणं म्हणजे आजार एकीकडे आणि लेप दुसरीकडे.

स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी

स्पॅमअसॅसिनची ५ ची मर्यादा एकट्या माणसासाठी ठीक, अनेक वापरकर्त्यांच्या सर्व्हरवर कडक पडते. त्याच्या दस्तऐवजातच सेवा पुरवणाऱ्यांनी ८ किंवा १० सारखी सौम्य मर्यादा ठेवावी असं म्हटलं आहे. मर्यादा वाढवण्याआधी बेझचं शिक्षण तपासा. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय ते कामालाच लागत नाही, आणि स्पॅम हजारोंनी पण चांगले मेल जेमतेम, असं शिक्षण झालं तर कौल एका बाजूला झुकतो. 'एसए-लर्न' आज्ञेला 'हॅम'चा पर्याय देऊन चांगल्या मेलचा फोल्डर नियमित शिकवत राहा. शिकवण्याआधी त्या फोल्डरमध्ये स्पॅम राहिलेला नाही याची खात्री करा.

सगळीकडचेच मेल एका दिवसात अडू लागले तर काळ्या याद्यांची चौकशी कुठून होतेय ते पाहा. स्पॅमहाउस या संस्थेच्या मोफत काळ्या याद्या गुगल किंवा क्लाउडफ्लेअरच्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारल्या की खरं उत्तर मिळत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा चूक झाल्याचं सांगणारा कोड परत येतो. 'काहीही उत्तर आलं म्हणजे यादीत आहे' असं धरणारा सर्व्हर मग दिसेल त्याला हाकलत सुटतो. सर्व्हरवर स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर बसवा आणि यादीत असल्याचे ठरावीक कोडच ग्राह्य धरा. काळ्या यादीवरून सरसकट नकार देण्यापेक्षा तिचे गुण मिळवून एकूण कौल लावणं मला जास्त पटतं. नकार दिलात तर निदान पाठवणाऱ्याला निरोप जाईल असा द्या. मेल घेऊन गुपचूप फेकून देणारा सर्व्हर सगळ्यात घातक.

बदल केल्यावर

एका वेळी एकच बदल करा आणि पुढचे काही मेल येऊ द्या. तीन सेटिंग एकदम फिरवली तर कशाने सुटलं हे कळत नाही आणि उगाच मोकळी ठेवलेली दारं तशीच राहतात. आलेल्या मेलचा हेडर पुन्हा बघा: आता तो पास होऊन आलाय की नुसता तुमच्या सवलतीमुळे? समोरच्याने दुरुस्ती केली असेल तर तुमचा फिल्टर काढून टाका.

इतकं करूनही मेल अडत असेल आणि मेलसेवेकडे तक्रार करायची असेल, तर मेल फॉरवर्ड करून पाठवू नका. फॉरवर्ड करताना मूळ हेडर गळून पडतो आणि तक्रार वाचणाऱ्याला तुमचाच हेडर दिसतो. मेल डाउनलोड करून, किंवा 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट' वापरून, फाइल म्हणून जोडा. मेल अजून स्पॅम फोल्डरमध्ये असतानाच ती प्रत काढून ठेवा.